हातचं राखून

ही कुऱ्हाड मीच दिली वेन्लाला,
गेल्या मार्चमध्ये, टॉन्सिल्स काढून ती परत आली
तेव्हा. बोलता येत नव्हतं तिला.
म्हटलं, घे. दर घावाला दोन फासे जास्त.
मायेच्या भरात गणित कोण करतं?

तेव्हापासून औलूच्या या तळघरात
दर शुक्रवारी माझे राक्षस
कॉफी निवायच्या आत मरतात.
तीन आठवडे खपून केलेली हिमराणी,
तिचं पहिलं वाक्यही बोलून झालं नाही.

आमचे राक्षस म्हणजे काळ्या खारट गोळ्या;
मारेल त्याने खायच्या.
वेन्लाची जीभ काळीकुट्ट.
याल्मारीची गुलाबी. सहा आठवडे गुलाबी.

राक्षसाचे प्राण दुप्पट लिहिले, मग खोडले.
कुऱ्हाड पळवायला चोर आणला,
त्यालाही खोडलं:
दिलेलं परत घेणारा हात
पोरं विसरत नाहीत.

आज अजगर गोठलेल्या तळ्यावर निजवलाय.
"घाव घातलास तर बर्फ तडकेल," मी सांगतो,
"आणि बर्फावर तुम्ही सगळेच उभे आहात."

वेन्लाचा फासा मुठीतच. वर पाइप गुरगुरतो.
"याल्मारी," ती विचारते, "तुझ्याकडे काय आहे रे?"

तो कागद उलटसुलट करून बघतो.
"दोर," म्हणतो. "आणि... बासरी?
पहिल्या दिवशी मिळाली होती. वाजवलीच नाही कधी."

बासरीचा नियम माझ्या वहीत नाही.
पेन्सिल खाली ठेवून
मी अजगराचा एक डोळा उघडतो.