रापण, सात मिनिटं चाळीस सेकंद

कॉम्प्युटर मालवणच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला,
कीबोर्डवरचं 'एस' पार पुसलेलं.
हर्षाली म्हणाली, काकी, नेमकं तेच बटण लागणार तुला,
दर पाच मिनिटांनी कंट्रोल धरून ते दाब,
तोंडवळीत लाइट काही विचारून जात नाही.
पहिल्या दिवशी मी एवढंच शिकले.

दुसऱ्या दिवशी काम झालं म्हणून पेनड्राइव्ह काढून घेतला
आणि पडदाभर लाल: फाइल सापडत नाही.
आधी सगळं एका फोल्डरात उतरव, मग हात लाव,
ती म्हणाली. बरोबरच होतं.
मासळी होडीतच ठेवून
बाजारात टोपली मांडून कोण बसतं?

एकशे बारा तुकडे.
त्यातले बरेचसे माझ्या अंगठ्याचे.
एकात नुसती वाळू चालते,
फोन कमरेला खोचून मी दोर धरायला धावले तेव्हाची.
आणि जिथे तिथे जाऊबाई सुनंदा,
कॅमेऱ्याकडे बघून पदर नीट करणारी.

कापायला मात्र मला कुणी शिकवलं नाही.
तीस वर्षं पेडवे, बांगडे, सौंदाळे साफ करते,
डोकं कुठे संपतं ते बोटाला कळतं.
नवीन एवढंच, की चुकलं तर कंट्रोल झेड
आणि बांगडा पुन्हा अख्खा.
त्या रात्री मी उगाचच कापत बसले,
परत जोडत,
परत कापत.
ह्यांनी दोनदा विचारलं, जेवायचं काय?

कापल्यावर मध्ये काळं भोक राहतं.
ते मिटवलं की मागचं सगळं पुढे सरकतं,
बाजारात एक बाई उठून गेली
की आम्ही टोपल्यांसकट सरकतो तसं.

आवाजाची पट्टी हिरवी, तिच्यात सगळा वाराच.
वारा काढला तर तांडेलांची हाकही गेली.
म्हणून थोडा वारा ठेवला.

मग दोन तुकड्यांच्या मधली नक्षी:
पान उलटतं, चांदण्या फुटतात,
मी सगळी लावून बघितली.
हृदयाच्या आकारातून एक मोरी बाहेर आली, दात दाखवत,
हर्षालीला हसून हसून उचकी लागली.
काढून टाकली. मन मोडलं थोडं.

एक मिनिट पन्नास सेकंद झाला.
होडी गेली, दोर आला, जाळं आलं, तारली उसळली.
एक्स्पोर्ट एकोणसत्तर टक्क्यांवर असताना लाइट गेली,
ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर फोन हातोहात फिरला.
जो तो विचारी, मी कुठे आहे?
भिवाजी तांडेलांनी चष्मा पुसून दोनदा बघितला.
"गो, जाळा इतक्या बेगीन कसा इला?
आमी उन्हात उभे रवललंव, ता खंय गेला?"
म्हटलं, ते कंटाळवाणं होतं, काढलं.
ते काही बोलले नाहीत.
फोन परत दिला
आणि दोराची गाठ सोडवायला बसले.

रात्री फोल्डर पुन्हा उघडला.
तुकडा सत्तेचाळीस, फोन होडीच्या काठाला टेकवून ठेवलेला.
काहीच होत नाही त्यात.
दोर ताठ, कमरेशी घासणारा,
सतरा माणसं मागे झुकलेली,
टाचा वाळूत घोट्यापर्यंत,
समुद्र हूं की चूं करत नाही.
कुणीतरी खोकतं.
एक कुत्रं येतं, सगळ्यांकडे बघून बसतं.
सुनंदा पदर नीट करते.
पाच मिनिटं पन्नास सेकंद.

होता तसा मधे ठेवला.
हर्षाली म्हणाली, काकी, इथे लोक उठून जातील गं.
मी कंट्रोल धरून पुसलेलं बटण दाबलं.
जाऊ देत.
जाळं यायच्या आधी किनाऱ्यावरूनही जातातच लोक,
वाटा मिळतो तो दोर धरलेल्यांना.