मुंग्यांना आधी कळलं

मुंग्यांना आधी कळलं.
घरामागे केळीच्या बुंध्याशी
बाबा रात्री उठून जिथे उभा राहायचा
तिथे सकाळी त्यांची काळी रांग.
आईने राख टाकली.
दुसऱ्या दिवशी राखेवरून रांग.

आम्ही हसलो. नेग्रोस बेटावर
मुंग्यांचं कसलं नवल?
डिसेंबरात इथे वाऱ्यालाही काकवीचा वास,
आणि बाबा, क्रिसान्तो, काट्यावरचा माणूस,
सव्वीस हंगाम उसाच्या गाड्या तोलतोय.
उतरली असेल थोडी अंगात, आई म्हणाली.
थट्टेत.

रात्री भरून ठेवलेली घागर
कोंबडा आरवायच्या आत रिकामी.
भात तिसऱ्यांदा मागायचा,
आणि पट्ट्याला खिळ्याने भोक पाडायचा, मग आणखी एक.
बारीक झालास रे, शेजारी कौतुकाने म्हणायचे.
फेब्रुवारीत त्याने सातचा आकडा एक वाचला.
एका गाडीचं वजन सहा टनांनी कमी लिहिलं.
सव्वीस हंगामांत पहिल्यांदा.
मुकादमाला वाटलं, प्यायलाय.
आम्हालाही.

मग ती संध्याकाळ.
बाबा शेतातून आडवाटेने आला, दारात टेकला.
एका पायात चप्पल.
दुसरी कुठाय? मी विचारलं.
त्याने खाली पाहिलं,
दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं.
तळव्यात उसाचं खोडकं रुतलेलं, बोटभर,
आणि उंबऱ्यापर्यंत रक्ताचे ठिपके.

पायाला मुंग्या यायच्या, तो म्हणाला,
झाले असतील आठ-नऊ महिने.
आता त्याही येत नाहीत.

दवाखान्यात अपोलोनियाबाईंनी बोट टोचलं,
आकडा पाहिला, पुन्हा टोचलं.
मग त्याच्याच भाषेत सांगितलं:
गाड्या भरून उभ्या आहेत, क्रिसान्तो,
गेटपासून नदीपर्यंत,
आणि फाटक उघडणारा जागेवर नाही.
आत कारखाना उपाशी, बाहेर ऊस सडतोय.
सडलेला वाहून न्यायला पाणी लागतं,
म्हणून तुझी तहान.
बाबाने मान हलवली. त्याला गाड्या कळतात.
बराच वेळ गप्प बसला,
मग विचारलं, फाटकवाला परत येतो का?
बाई म्हणाल्या, रोज बोलवावं लागतं.
गोळीने, चालण्याने, अर्ध्या वाटीने.
कधी कधी सुईने.

करंगळी गेली. बाकीचा पाय राहिला.
केळीखाली आता रांग नसते;
मी तरी रोज बघून येते.
आईचीही घागर मोजते, तिला न सांगता.

आणि रात्री कंदील जवळ ओढून
त्याचा तळवा मांडीवर घेते.
डोळे मीट, म्हणते. इथे कळतं?
कळतं, तो म्हणतो, लगेच,
मला बरं वाटावं म्हणून.

मी अजून बोट टेकवलेलं नसतं.