वाकटीसारखा देश

नकाशा पसरून मी ह्यांना म्हटलं,
हा देश कसला, ही वलणीवरची वाकटी.
चार हजार किलोमीटर लांब,
आणि रुंदीला एवढीशी
की हर्णैहून पहाटे सुटलेली एसटी
कराडला चहाला थांबेपर्यंत देश संपलेला.
उगवतीला डोंगर, मावळतीला समुद्र.
"मग आपलंच की," हे म्हणाले,
"नुसतं ताणलेलं."

भाचा रुपेश बोटीवर आहे,
वाल्पराइसोला उतरला होता एकदा.
सांगत होता, चिलीत वरच्या अंगाला
असं वाळवंट की माणसाला छत्री ठाऊक नाही.
तिथे टेकडीवर जाळी लावतात, खांबांना ताणून,
आणि धुकं पकडतात,
थेंब थेंब पन्हळीत.
ह्यांनी एवढंच विचारलं,
"आस केवढा ठेवतात?"

खाली, शेपटाकडे, बर्फ.
निळा. तालुक्याएवढा. कुणी न केलेला.

एकतीस वर्षं ह्यांनी बर्फ केलाय.
अमोनियाचा वास कितीही धुतला तरी
बनियनातून गेला नाही.
दोन बोटांच्या टोकांना आता गरम-गार कळत नाही,
चहाचा कप मी आधी धरून बघते.
असा माणूस रात्री अंथरुणात विचारतो,
"तिथे कॉम्प्रेसर बंद पडला तर?"
आणि स्वतःच हसतो,
मग हसत नाही.

बर्फाच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली.
पतसंस्थेतली ठेव. विमान, तीनदा बदलून.
वाळवंटाला सुती. पावसाला रेनकोट, ते आहेत.
थंडीला
इथे पेन थांबलं. आमच्या घरात स्वेटर नाही.
वही उलटी धरली गेली तर पुढून उधारी:
'सागरकन्या', चारशे लाद्या, माघापासून.
ती फेडली तर एक तिकीट निघेल.
एकच.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला.
"मोरेश्वर धर्मा चोगले?"
बापाच्या नावासकट ते नाव
घरात कितीतरी वर्षांनी ऐकलं.
"नोकरीला? पोरगा असतो तिकडे?"
नाही, बघायला.
"काय बघायला?"
"बर्फ."
हवालदाराने कारखान्याकडे बघितलं,
ह्यांच्याकडे बघितलं,
आणि सही केली.

मग परवा लक्षात आलं.
आपल्याला सवड कधी? बंदीत, जून-जुलै,
नावा शाकारलेल्या, कारखाना गप्प.
आणि जून-जुलैत तिथे हिवाळा,
बर्फाकडे जाणारे रस्ते बर्फानेच बंद.
वाळवंट फुलतं म्हणे कधीमधी, पण सप्टेंबरात,
तेव्हा इथे कोळंबी, तेव्हा हे हलायचे नाहीत.
त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पौष,
गुडघाभर पाण्यात बैलगाड्या,
बर्फ द्या, बर्फ द्या.

ह्यांनी महिने बोटांवर मोजले, पुन्हा मोजले.
"पृथ्वीच तिरकी, त्याला कोण काय करणार,"
म्हणाले, आणि लाद्या फोडायला गेले.

रात्री परतले ते ओल्या हातांनीच नकाशापाशी.
शेपटावर बोट ठेवून बसले, किती वेळ कोण जाणे.
छपाईचा निळा सुटला,
वर वर सरकत कोरड्या पिवळ्यात शिरला.
मी ओरडले.

सकाळी तो कागद चिमटा लावून
वलणीवर टाकलाय, वाकट्यांच्या शेजारी.
खाली मांजर बसलंय,
एकदा इकडे बघतं, एकदा तिकडे.
दार ओढून घेताना हे म्हणाले,
"हिवाळा म्हणजे नक्की किती थंड,
ते रुपेशला विचारून ठेव."