डुकरांचा दोष नव्हता

आंदाउआयलासच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली
आणि पेनाच्या टोकाने दाखवलं: हा ठिपका, भोवती हे कडं.
जंताचं पिल्लू, म्हणाले. डोक्यात जाऊन बसलंय.
इकडे घरोघरी असतं.

वडिलांना फिट आली ती बटाट्याच्या ट्रकवरून उतरताना.
शुद्धीवर आले तर स्वतःचं नाव आठवेना, एलेउतेरिओ.

मांस खाऊन थेट होत नाही हे, डॉक्टर समजावत होते,
घरातल्याच कुणाच्या तरी पोटात जंत असतो,
अंडी हातांवरून जेवणात जातात.
कुणी आईकडे बघितलं नाही.
म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.

बाजारात आई डुकराचं तळलेलं मांस विकायची,
बावीस वर्षं, त्याच कोपऱ्यावर, त्याच कढईत.
त्या रविवारी दुपारपर्यंत
एक कुत्रा तेवढा येऊन गेला.

मग गोळ्या. शिवाय सूज उतरायचं औषध,
त्याने वडील पंधरा दिवस खरंच हसले,
चारांगो खाली काढला,
तुटलेल्या तारेसाठी माझ्याकडून पैसे घेतले.
जंत मरतोय, आम्ही म्हणालो.
आईने तिन्ही डुकरं निम्म्या भावात काढली.
हात धुवायची राखेने, साबणाने, पुन्हा राखेने,
पेरांना चिरा पडेपर्यंत.
वडिलांच्या ताटाला शिवायची नाही.
वाढायचे मी.

डिसेंबरात उजवा हात गेला.
लिमापर्यंत एकोणीस तास बस, वडील माझ्या खांद्यावर.
तिथे कवटीला भोक पाडून तीळभर तुकडा काढला,
आणि एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने
आधी खुर्ची ओढून घेतली, मग सांगितलं:
जंत नाही. कधीच नव्हता.
गाठ आहे, त्यांच्याच पेशींची.
बाहेरून कुणी आलेलं नाही.

मी ते क्वेचुआत आईला सांगायला लागले.
'गाठी'पाशी अडखळले.
'बाहेरून नाही' मात्र लगेच जमलं.

"म्हणजे मी नाही," आई म्हणाली,
आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा
तिचे खांदे खाली आले. मी पाहिलं.
तिनेही पाहिलं मी पाहिलेलं,
आणि पदरासारखी शाल तोंडावर ओढून
भिंतीकडे वळली.

रात्री वॉर्डात तिने त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं.
सूप केव्हाच गार झालं होतं.
चमचा तोंडाशी आला तसे वडील थांबले,
तिची भेगाळलेली बोटं हुंगली,
म्हणाले, "फोर्तुनाता, साबण बदललास?"