हेल्मेटचं माप

फ्योर्डच्या तोंडाशी, हवाईतळावरच्या खोलीत
गुनवोर पायलटांच्या डोक्यांची मापं घेते.
एका हेल्मेटच्या पैशात गावात घर येतं,
समुद्र दिसणारं.
म्हणून ती आधीच बजावते: केस कापायचे तर आजच कापा,
उद्या अर्धा मिलिमीटर फरक पडला
तर डोळ्यांपुढचं आकाश सरकेल.

ऑदुन चौथ्यांदा आला.
टोचतंय म्हणाला, कानाच्या वर, इथे.
तिनं फोम किसला, नखाएवढा.
बाहेर त्याचं विमान ताडपत्रीखाली,
एका सुट्या भागासाठी अडलेलं.
भाग निघालाय म्हणतात. मार्चपासून निघालाय.

गावातला प्रसूतिकक्ष बंद केला
तेव्हा पत्रात कारण होतं: परवडत नाही.
गुनवोरची नात फेरीबोटीत जन्मली,
खालच्या डेकवर, मासळीच्या ट्रकशेजारी.
नाकापेक्षा मोती जड, हे नॉर्वेजियनमध्ये कसं म्हणतात
मला ठाऊक नाही.
ती काहीच म्हणाली नाही.

मग नोव्हेंबरात, पहाटे तीनला, भोंगा.
चालू होती ती दोन विमानं उत्तरेला गेली,
कुणाच्या तरी बॉम्बरला तासभर सोबत करून
परत आली.
झालं काहीच नाही.
त्याचं बिल कोण, कशावरून काढणार?

ऑदुन उतरला. कपाळावर लाल वळ, बोटभर.
गुनवोरनं खिशातली टेप काढली.
संध्याकाळी नातीचं डोकं मोजलं होतं हिनंच,
एकेचाळीस सेंटिमीटर,
आणि ती रडून उठली होती.
हलू नकोस, ती ऑदुनला म्हणाली.