नऊ किलो शिसं

हँगरमधल्या काट्यावर मला उभं केलं,
रविवारी सकाळी, बुटांसकट.
सेहेचाळीस.
ग्लायडरच्या पत्र्यावर कोरलेलं: वैमानिक, किमान पंचावन्न.
सुपेकर सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"पोहे-जलेबीनं हे भरायला दोन वर्षं जातील, बाई.
तोवर शिसं बसवू."

रामरतनभियानं पायांपुढच्या पोकळीत
तीन-तीन किलोच्या तीन पाट्या आवळल्या.
मी छावणीतल्या औषधांच्या दुकानात
मिलिग्रॅम मोजणारी.
मला वाटायचं, उडायचं म्हणजे कमी व्हायचं,
एकेक उतरवत जायचं,
चाव्या, उधारीची वही, फोन, माणसं.
सर म्हणाले, नाक हलकं राहिलं
तर ते आभाळाकडेच बघत बसतं,
वेग गमावतं, आणि मग दगड होतं.

हँगरच्या पत्र्यावर खडूनं एक तिरकी रेघ.
"हजार मीटरवरून हे अठ्ठावीस किलोमीटर जाईल.
तुम्ही बसा, की तुमच्या दुप्पट कोणी बसो,
उतार हाच."
मग जड असल्यानं काय होतं?
"लवकर पोचतो."
खडू खिशात टाकला, पुन्हा काढला.
"आणि हवा मंद असली
तर लवकर खालीही येतो."

पंख मी हातानं मोजला.
मुळाशी दोन हात, टोकाशी जेमतेम दीड वीत.
खालची दाबलेली हवा टोकाला वळसा घालून
वर पळायला बघते,
ती भिंगरी आपल्याच खिशातून फिरते.
टोक निमुळतं केलं की चोराची वाट अरुंद होते.
मी विचारलं, मग घारीचे पंख असे रुंद का,
टोकाला बोटं फुटलेले?
"तिला कुठं अठ्ठावीस किलोमीटर जायचंय?
तिला याच चुलीवर
ताटाएवढं वर्तुळ घ्यायचंय."

एप्रिल. गहू निघालेला,
काळी माती भेगाळलेली,
हातोदच्या अंगाला कोणीतरी नरवाई पेटवलेली.
त्या धुराच्या कडेला हवा मला उचलत राहिली.
घार माझ्या आत फिरत होती,
मी बाहेरून, लांब पंखांची, अवघडलेली,
बैलगाडीनं सायकलभोवती फिरावं तशी.
ती वर गेली. मीही गेले, तिच्यामागून बरीच.

मग यशवंतसागर.
पाण्यावर हवा बसकण मारून होती.
सुई खाली पडली, तिथंच राहिली.
अंग सांगत होतं: दांडी ओढ, नाक उचल,
हळू हो, जपून जा.
शिकवलेलं नेमकं उलटं:
बुडत्या हवेत रेंगाळायचं नाही.
दांडी पुढं.
शिशानं आधी होकार दिला, मी नंतर.
कुजबुजणाऱ्या वाऱ्याची शीळ झाली,
शीळेची किंकाळी,
पाणी इतकं जवळ की
काठावरच्या म्हशी मोजता आल्या. अकरा.

पलीकडे हवा सावरली.
पण बिजासनची टेकडी होती तिथंच राहिली,
आणि धावपट्टी तिच्याही पलीकडे.
मी लसणाच्या शेतात उतरले.
काढणी झालेली, ढेकळं मऊ,
काच उघडली तर नाकात तोच वास.
शेतवाली बाई घागर घेऊन आली,
पाणी दिलं, पंख बोटानं दाबून बघितला,
"इसमें इंजन किधर है?"

संध्याकाळी ट्रेलर घेऊन सर आले.
माझी चूक काय, मी विचारलं.
ते बराच वेळ चाकाला बघत राहिले.
"समोरचा वारा. तो मीच रेघेत धरला नव्हता."

जीपमध्ये पाट्या माझ्या मांडीवर,
पेपरात गुंडाळलेल्या, अजून कोमट.
एक मी पिशवीत टाकली.
सोमवारी, गिऱ्हाईक यायच्या आधी,
पार्सलच्या काट्यावर ठेवली.
दोन किलो नऊशे चाळीस.
काढून पुन्हा ठेवली. तेच.
साठ ग्रॅम कोणी कापले,
की कधी नव्हतेच,
आणि उरलेल्या दोघींचं काय,
हे मी सरांना अजून विचारलेलं नाही.