सातवं होल

पेपर मिलच्या कॉलनीमागे नऊ होलं आहेत.
सहापर्यंत मी माणसात असतो.
सातव्यावर मोह उभा,
फेअरवेच्या ऐन कोपरात,
जिथून गवत डावीकडे नाल्याकडे वळतं.

मैदान आखलं तेव्हा तो तोडायचा होता म्हणे.
भर मे महिन्यात कुऱ्हाडी घेऊन गडी आले,
दुपारभर त्याच्याच सावलीत झोपले
आणि उठून गावाकडे गेले.
असं कुमरे सांगतो.
कुमरे माझी बॅग वाहतो
आणि न विचारता काठी बदलतो.

"पाच नंबर नोका घेऊ साहेब, सात घ्या.
याच्या वरतून नाही जायाचं.
बाजूनं जायाचं, इचारून."

मी पाचच घेतली.
अकरा वर्षं लगद्याचा ओलावा मोजतोय,
वाऱ्याचा अंदाज मला नसेल तर कोणाला?
चेंडू उठला. सुरेख उठला.
झाडावर एक पान नाही, आरपार आभाळ,
तरी टक्क.

खाली पहाटेपासूनचा सडा.
फुलं फिकट, गोलसर, रसानं जड,
त्यात शोधा आता पांढरा चेंडू.
वाकून वाकून बोटं चिकट झाली,
साडेसातलाच वास डोक्यात चढला.

कुमरेची आई टोपली घेऊन बसली होती.
तिचा राउंड पाचला सुरू होतो.
तिनं फुलं बाजूला सारली
आणि गवतावर मांडले
एक, दोन, मग आणखी दोन,
खुडातली अंडी मांडावीत तसे.
"यातला कोनता तुमचा?"

माझ्या चेंडूवर निळा ठिपका असतो.
चारांतल्या तिघांवर निळा ठिपका होता.
कुमरे नाल्याकडे बघायला लागला.

"हा घ्या. हा सुका हाय,
आत्ताच पडला."

बाहेरच्या माणसानं चेंडू उचलला
तर दंड नाही, नियमात आहे.
इथं बाहेरचं कोण, ते नियमात नाही.

मग सात नंबर.
आखूड, आडवा, लाजरा फटका.
मोहाच्या बुंध्याशेजारून चेंडू घरंगळत गेला,
आणि पुढे नेहमीचंच,
बंकर, पुन्हा बंकर, तीन पट.

कार्डावर सातच्या रकान्यात आठ लिहिले
त्याच चिकट बोटांनी.
रात्री खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात पाहिलं,
कार्डाला मुंग्या लागल्या होत्या.
फक्त त्या एका रकान्याला.